नगरपालिकेच्या नकाशातले आरोग्य

वाचकहो, या सदरातून आपण आजवर रक्तदाब, मधुमेह, दमा, लहान मुलांचे जुलाब अशा अनेक विकारांची माहिती घेतली. आज विषय थोडा वेगळा आहे. आज गोळ्या, इंजेक्शने आणि पथ्यपाणी बाजूला ठेवून पाइपलाइन, गटार, मैदान आणि नगरपालिकेचा अर्थसंकल्प यांबद्दल बोलायचे आहे. "डॉक्टर, हा विषय नगरसेवकांचा, तुमचा नव्हे," असे कोणी म्हणेल. पूर्वी मलाही तसेच वाटत असे. ते वाटणे का बदलले, हे आधी सांगतो.

एका गल्लीतली कावीळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. त्या वेळी मी तालुक्याच्या एका गावी प्रॅक्टिस करीत होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण जे तिथे घडले ते कोणत्याही गावात घडू शकते. मे महिना होता. नळाला चार दिवसांआड पाणी येत होते. एका सोमवारी काविळीचे तीन रुग्ण आले, बुधवारी आणखी चार. आठवडा संपेपर्यंत आकडा एकोणीसवर गेला. बहुतेक जण वीस ते पस्तीस या वयाचे. मी प्रत्येकाला ठरलेल्या सूचना देत होतो. विश्रांती घ्या, पाणी उकळून प्या, गाड्यावरचा उसाचा रस आणि बर्फ टाळा, झाडपाल्याच्या औषधामागे लागू नका.

एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या. त्यांचा मुलगा आधीच अंथरुणावर होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आठ दिवस पाणी उकळून पितोय, तरी घरात दुसरा पडला. औषधात काही कमी पडतंय का?" मी त्यांना समजावले की, दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन आठवड्यांपासून दीड-दोन महिने जातात. आज जो आजारी पडला, त्याने ते पाणी गेल्या महिन्यात प्यायले होते. आजींचे समाधान झाले, पण माझे झाले नाही. मग गेल्या महिन्यात त्या गल्लीत असे झाले तरी काय?

त्या रात्री मी केसपेपरांवरून पत्ते काढले. माझ्या कंपाउंडरने वहीच्या कागदावर गावाचा कच्चा नकाशा काढला आणि प्रत्येक रुग्णाच्या घरावर लाल टिंब दिले. एकोणीसपैकी सोळा टिंबे एकाच गल्लीत पडली. दुसऱ्या दिवशी पाणी सोडणारे वॉलमन मामा भेटले. त्यांना कागद दाखवताच ते म्हणाले, "साहेब, ही लाइन माझ्या नोकरीच्या आधीची. बाजारापाशी ती गटारीतूनच गेलीय. मी दोनदा लिहून दिलंय."

मी कचेरीत गेलो. तिथे सांगण्यात आले की, पाण्याचा नमुना तपासून आला आहे आणि तो चांगला आहे. ते खोटे नव्हते. पण नमुना घेतला होता टाकीजवळ, आणि माणसे आजारी पडत होती टाकीपासून पाऊण किलोमीटरवर. शेवटच्या नळाचे पाणी आम्ही क्लोरीनच्या चाचणीला लावले, तर पिवळा रंग मुळीच आला नाही. त्यानंतरही खोदकाम सुरू व्हायला अठरा दिवस गेले. गटारीखाली पाइपाला दोन ठिकाणी भेगा सापडल्या.

त्या अठरा दिवसांत एक गोष्ट घडून गेली. बाळंतपणासाठी माहेरी आलेली सातव्या महिन्यातली एक मुलगी काविळीने आजारी पडली. लहानपणापासून ती माझ्याकडे यायची, मला काका म्हणायची. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. चौथ्या दिवशी ती गेली, आणि पोटातले बाळही गेले. 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती फार घातक ठरते. अशा दर चार-पाच बायकांमागे एक दगावू शकते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

नंतर कळले की, त्या लाइनीचे काम दोन वर्षे अर्थसंकल्पात मागे पडले होते. त्याच काळात गावाच्या वेशीवर स्वागत कमान मात्र उभी राहिली. पण सगळा दोष कचेरीच्या माथी मारून मला मोकळे होता येत नाही. त्या गल्लीतून दर उन्हाळ्यात माझ्याकडे काविळीचे दोन-चार रुग्ण येतच होते. मी त्यांना तपासत होतो, फी घेत होतो, पण कधी पत्ते जुळवून पाहिले नव्हते. आपल्याकडे म्हण आहे, 'आजार रेड्याला आणि डाग पखालीला.' पाइप आजारी होता आणि मी इंजेक्शने माणसांना देत होतो.

नळाच्या पाण्यात घाण शिरते कशी?

पाइपात पाणी जोराने वाहत असते तेव्हा भेगेतून पाणी बाहेर पडते, बाहेरची घाण सहसा आत येत नाही. पाणी बंद झाले की पाइपातला दाब उतरतो. आत पोकळी निर्माण होते आणि भेगेभोवतीचे गटारीचे पाणी आत ओढले जाते. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणजे चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात जुना पाइप हा रोज पाणी येणाऱ्या गावापेक्षा अधिक धोक्याचा. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे पाणी सर्वांत वाईट असते. ते पिण्यासाठी भरू नये, हे घरोघरी पाळण्यासारखे आहे.

पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे पाहण्याची ओ. टी. चाचणी अगदी सोपी आहे. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर नाही. नळाच्या पाण्यात लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ही चाचणी टाकीजवळ करून भागत नाही, शेवटच्या घराच्या नळावर करावी लागते. टाकीजवळ क्लोरीन आहे पण शेवटच्या नळाला नाही, याचा अर्थ वाटेत कुठेतरी घाण मिसळत असावी आणि क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडत असावे. तसेच ब्लीचिंग पावडर ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. गोणी उघडी, ओलीत किंवा उन्हात पडून राहिली तर ते उडून जाते आणि पाण्यात फक्त पांढरी भुकटी पडते.

जगाने हा धडा कसा घेतला?

माझ्या कंपाउंडरने काढलेला नकाशा ही काही नवी युक्ती नव्हती. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी मृतांच्या घरांची टिपणे केली. मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती एकवटले होते. त्यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण रोग पाण्यातून पसरतो हे त्यातून पुढे आले. शेजारच्या मैलाखड्ड्याची घाण त्या विहिरीत झिरपत होती. पुढे १८५८ नंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी लंडनमध्ये मोठी भुयारी गटारे बांधली. त्या शहरातली कॉलऱ्याची शेवटची मोठी साथ १८६६ साली आली, आणि ती आली पूर्व भागात, जिथे गटारांचे काम पुरे झालेले नव्हते. याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आपल्या देशातही उदाहरणे आहेत. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नाल्याचे सांडपाणी वजीराबादच्या पाणी उपसा केंद्राशी पोहोचले. पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. क्लोरीनची मात्रा वाढवली होती, तरी कावीळ टळली नाही. नाला कुठे सोडायचा आणि पाणी कुठून उचलायचे हा वरवर इंजिनिअरचा प्रश्न, पण त्याची किंमत यकृताने मोजली.

सुरत शहरात सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. १९९५ साली एस. आर. राव तिथे महापालिका आयुक्त झाले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वॉर्डात पाठवायला सुरुवात केली, कचरा नियमित उचलायला लावला, झोपडपट्ट्यांतून गटारे व फरसबंदी केली. दोन वर्षांच्या आत सुरतेचे नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतले जाऊ लागले. माणसे तीच होती, पाऊसही तोच होता. बदलला तो कारभार.

डेंगीचा डास आणि पाण्याचे वेळापत्रक

पावसाळ्यात डेंगीचे रुग्ण वाढले की लोक मागणी करतात, "धुराची गाडी पाठवा." धुराने उडणारे डास काही प्रमाणात मरतात. पण पाण्यातल्या अळ्या जिवंत राहतात आणि काही दिवसांत नवे डास तयार होतात. डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो आणि गटारीत नव्हे तर घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. हा डास फार लांब उडत नाही, फार तर काहीशे मीटर. म्हणजे तुम्हाला चावणारा डास तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घरीच वाढलेला असतो.

आता विचार करा. पाणी आठवड्यातून एकदा येत असेल तर घरोघरी पिंप, रांजण, हौद भरून ठेवणे भाग आहे. ज्या घरात आठ दिवसांचे पाणी साठते, तिथे डासाला आठ दिवस मिळतात. अशा घरातल्या बाईला "कोरडा दिवस पाळा" म्हणून सांगणे सोपे आहे, पण उद्या पाणी येईल याची खात्री नसताना ती हौद कसा रिकामा करील? ठरलेल्या वेळी, कमी दिवसांच्या अंतराने पाणी देणे हा डेंगीवरचा फार मोठा उपाय आहे, आणि तो दवाखान्यात मिळत नाही. तोवर आपण काय करावे? भांडी घट्ट झाकावीत, आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावीत. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही कित्येक महिने तग धरतात.

नळ आला, पण गटार?

२०१९ साली जल जीवन मिशन सुरू झाले. ग्रामीण भागात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरले. डोक्यावरचा हंडा उतरला ही मोठी गोष्ट झाली. पण घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, हे नियोजन करताना पुष्कळदा विसरले जाते. पाच माणसांच्या घरातून रोज दोनशे लिटरच्या आसपास पाणी रस्त्यावर येते. मग गल्लीत चिखल, चिखलात डास आणि त्या चिखलातूनच नळाचा पाइप. एका हाताने आरोग्य द्यायचे आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे, असा हा प्रकार आहे.

नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घराघराशी शोषखड्डे घेऊन उघडी गटारे नाहीशी केली, आणि डासमुक्त गाव म्हणून त्याचे नाव झाले. हा उपाय फार खर्चाचा नाही. मात्र शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब असावा आणि जमीन पाणी शोषणारी आहे की नाही हे आधी पाहावे. चिकण काळ्या मातीत खड्डा लवकर तुंबतो, तिथे बंदिस्त गटारच बरे.

मधुमेह आणि मैदान

साथीचे रोग सोडा, रक्तदाब आणि मधुमेहाचे काय? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. मी रोज रुग्णांना सांगतो, "आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे भरभर चाला." एका बाईंनी मला एकदा विचारले, "डॉक्टर, चालायचं कुठं? रस्त्यानं ट्रक जातात, फुटपाथवर टपऱ्या आहेत, आणि मैदानात तर लग्नाचा मांडव." त्यांना मी काय उत्तर द्यावे?

चालण्याजोगा पदपथ, सावलीची झाडे, म्हाताऱ्यांसाठी मध्येमध्ये बाक, बायकांना संध्याकाळी निर्धास्तपणे जाता येईल असे उजेडाचे मैदान आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह यांना लोक सुशोभीकरण म्हणतात. माझ्या लेखी ही रक्तातल्या साखरेची औषधे आहेत. बाजारपेठेत स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आणि मग लघवीच्या जळजळीने हैराण होणाऱ्या किती तरी भाजीवाल्या बायका मी तपासल्या आहेत.

हे ठरते कुठे?

१९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायती व नगरपालिका यांना घटनेत स्थान मिळाले. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी अठरा विषय दिले आहेत. त्यांत नगररचना, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, कचरा, उद्याने व मैदाने हे सारे आहे. घटनेनेच आरोग्य आणि नगररचना यांना एका यादीत बसवले आहे, आपण मात्र ते वेगळे समजतो.

महाराष्ट्रात १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा तयार होतो. पुढच्या सुमारे वीस वर्षांत दवाखाना, शाळा, मैदान, बाग, भाजीमंडई, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र कुठे असावे हे त्यात रंगांनी दाखवलेले असते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नागरिकांकडून ठरलेल्या मुदतीत लेखी हरकती व सूचना मागवल्या जातात. पुष्कळांना ही जाहिरात दिसत नाही. ज्यांची जमीन आहे त्यांना मात्र ती बरोबर दिसते. शिवाय आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही मुदतीत पावले उचलली नाहीत तर आरक्षण गळून पडते. मैदान असे न खेळताच संपते. यात मालकाचा दोष नाही. त्याच्या जमिनीचा मोबदला वेळेवर देणे हेही नियोजनच आहे.

दुसरा कागद म्हणजे अर्थसंकल्प. तो साधारण फेब्रुवारीत सभेपुढे येतो. त्यात जुनी पाइपलाइन बदलण्यासाठी किती रक्कम आहे आणि ती गेल्या वर्षी खर्च झाली का, हे विचारता येते. गावांसाठी ग्रामसभा आहे, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. पैसा नेहमीच नसतो असे नाही, पुष्कळदा विचारणारा नसतो.

आपण काय विचारावे?

१. आपल्या वॉर्डातील पाण्याची लाइन कोणत्या साली टाकली? ती कुठे कुठे गटारीतून जाते?

२. क्लोरीनची चाचणी शेवटच्या नळावर होते का? तिची नोंदवही पाहायला मिळेल का?

३. पाणी किती दिवसांनी येते आणि वेळ आधी कळते का?

४. घरांच्या मैलाटाक्या यंत्राने उपसल्या जातात का, आणि तो मैला नेऊन कुठे टाकतात?

५. कचरा ओला व सुका वेगळा उचलला जातो का, की कोपऱ्यावर जाळला जातो? त्या धुराने दमेकऱ्यांचे हाल होतात.

६. विकास आराखड्यातल्या मैदानाच्या जागेवर आज काय आहे?

७. यंदाच्या अर्थसंकल्पात वरीलपैकी कशासाठी किती रक्कम ठेवली?

हे प्रश्न भांडणासाठी विचारू नयेत. चार शेजारी मिळून, सह्या करून, लेखी द्यावेत आणि पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार आहेच. आपल्या नगरसेवकांना, सरपंचांना, मुख्याधिकाऱ्यांनाही याच गावाचे पाणी प्यायचे असते, हे लक्षात ठेवून बोलावे. आणि आपणही आपली बाजू सांभाळावी. नळाला मोटर लावू नये, पाणीपट्टी थकवू नये, गटारीत कचरा टाकू नये. पट्टी भरणाऱ्याच्या प्रश्नाला वजन असते.

माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती. केसपेपरवर पत्ता नीट लिहा. एकाच गल्लीतून तिसरा रुग्ण आला की औषध लिहून झाल्यावर आरोग्य खात्याला आणि पालिकेला कळवा. आशाताईंना विचारा, त्यांना आपल्या आधी कळलेले असते.

त्या गावातली ती लाइन पुढे बदलली. सगळी मिळून सव्वाशे मीटर लांबीची होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या गल्लीतून माझ्याकडे काविळीचा एकही रुग्ण आला नाही. मी तिथे असेपर्यंत पुढेही आला नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये इतके गुणकारी औषध मी कुणाला दिलेले नाही, आणि हे तर मी दिलेही नव्हते. ते वॉलमन मामांनी दोनदा लिहून दिले होते. ते वेळेवर वाचले गेले असते, तर ती मुलगी आज आपल्या लेकराला घेऊन माझ्याकडे लस द्यायला आली असती.